अर्ध्या मिलिमीटरची चकाकी

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मासेमारीच्या होड्यांची लगबग सुरू होते. पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या मात्र अजून झाकलेल्याच असतात. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात किल्ल्याची होडीसेवा आणि जलक्रीडा मे अखेरीस बंद होतात त्या ऑगस्ट सरल्यावरच पुन्हा सुरू होतात. प्रत्यक्षात गणपती गावाला गेले आणि चाकरमानी मुंबईला परतले, की मगच मालक होडीकडे वळतो. तिथून दिवाळीच्या गर्दीपर्यंत हातात थोडेच आठवडे असतात, त्यातही हस्ताचा पाऊस मधूनच झोडपून जातो. माडांखाली ओंडक्यांवर टेकवलेल्या फायबरच्या होड्यांवरची ताडपत्री निघते आणि मे महिन्यात बऱ्या दिसणाऱ्या होडीचा रंग उडालेला, पांढुरका आणि ठिकठिकाणी पिवळा दिसतो.

अशा वेळी बहुतेक जण बाजारातून चांगलं पॉलिश आणतात आणि लावायला सुरुवात करतात. दोन दिवस होडी चमकते, पंधरा दिवसांत पुन्हा मळकट दिसू लागते. दोष पॉलिशचा नसतो. होडीची चकाकी वरून लावता येत नाही. ती खराब झालेल्या पापुद्र्याखाली असते आणि तो पापुद्रा उतरवूनच बाहेर काढावी लागते. उतरवायला आपल्याकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या कामाचा क्रम आपोआप सुचत जातो. या लेखात अठरा-वीस फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन असलेली साधी फायबरची होडी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

फायबरची होडी बाहेरून आत अशी बांधत जातात. आधी साचा असतो. त्याची आतली बाजू घासून घासून आरशासारखी गुळगुळीत केलेली असते. तिला मेण लावतात, मग रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा एक थर देतात. हाच जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो आळला की त्याच्या मागे काचतंतूंची चटई आणि रेझिन असे थरावर थर चढवतात. सगळं कडक झाल्यावर होडी साच्यातून सोडवतात. म्हणजे नव्या होडीची चमक हा साच्याच्या गुळगुळीतपणाचा ठसा असतो. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो. जेलकोट त्याच्या दसपट जाड. म्हणून तो घासणं सोसतो. पण दर वर्षी सपाटून घासलं तर काही वर्षांत खालच्या काचतंतूंची जाळी डोकावू लागते, आणि तिथून पाणी आत शिरतं.

हा जेलकोट खराब करतो तो मुख्यतः सूर्य. उन्हातले अतिनील किरण रेझिनच्या साखळ्या तोडतात. वरचा पापुद्रा ठिसूळ होतो, झिजतो, आणि त्यात मिसळलेले रंगाचे कण मोकळे पडतात. पांढऱ्या होडीत हे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात. काळं कापड होडीवर दाबून पुसलं की त्यावर खडूसारखी पूड येते ती हीच. भिंगातून पाहिलं तर हा पृष्ठभाग खाचखळग्यांचा दिसेल. सपाट पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परत पाठवतो, म्हणून चमकतो. खडबडीत पृष्ठभाग तो दाही दिशांना उधळतो, म्हणून पांढुरका दिसतो. निळ्या आणि लाल होड्यांवर हे फार लवकर नजरेत भरतं. रंग निवडायची वेळ आली तर कोकणातल्या उन्हात पांढरा किंवा फिका रंगच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

होडी ओली असताना नव्यासारखी दिसते आणि सुकली की पुन्हा फिकी पडते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाणी खळगे भरून काढतं आणि तेवढ्यापुरता पृष्ठभाग सपाट होतो, एवढंच त्यामागे आहे. तेलाचा किंवा डिझेलचा बोळा फिरवून होडी चमकवतात ती याच न्यायाने. फक्त तेल उडून जायला वेळ लागतो, आणि तोवर त्याच्यावर धूळ आणि वाळू चिकटत राहते. तो मार्ग सोडून द्यावा. पण ओल्या होडीकडे नीट पाहून घ्यावं, कारण काम नीट झालं तर सुकल्यावर ती साधारण तशीच दिसणार आहे.

आता धुण्याकडे येऊ. पॉलिशपेक्षा धुण्याला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तिथेच तो वाचवला जातो. किनाऱ्यावरची वाळू बरीचशी क्वार्ट्झची असते, आणि क्वार्ट्झ जेलकोटपेक्षा कितीतरी कठीण. फडक्याखाली तिचे चार कण राहिले तरी पॉलिश करताना होडीवर ओरखड्यांची नक्षी उमटते. आमच्याकडचे जुने तांडेल नव्या पोरांना सांगतात, ‘आधी धुवून घे मरे, मगे पालिश!’

पहिलं पाणी वरून खाली सोडावं, नळीने, फडकं न लावता. वाळू, पानं, पक्ष्यांची विष्ठा, माडावरून पडलेला कचरा सगळं भिजून सुटलं पाहिजे. साबण लावताना मात्र खालून वर जावं. कोरड्या, भुकटी धरलेल्या जेलकोटवर साबणाचं मळकं पाणी ओघळलं की ओघळाचा डाग पडतो. खालची बाजू आधीच साबणाने ओली असेल तर ओघळ तिच्यावरून निसटून जातो. नंतर पुन्हा वरून खाली स्वच्छ पाणी. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक ब्रश खळबळायची. भांडी घासायचा द्रव साबण जुनं मेण काढून टाकतो, त्यामुळे या वेळेला तो उपयोगी. हंगाम सुरू झाल्यावर रोजच्या धुण्याला तो वापरला तर नवं मेणही जाईल. कपडे धुवायची पावडर मी टाळतो, ती फार अल्कलीयुक्त असते आणि ॲल्युमिनियमच्या भागांना बाधते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. त्याने धुतलं तर चालतं, पण शेवटचं खळबळणं गोड्या पाण्याचं हवं, नाहीतर सुकल्यावर मिठाचे ठिपके राहतात.

पाय ठेवायच्या खरखरीत भागात मळ खोल बसतो. तिथे थोडा कडक ब्रश गोल फिरवावा. ताडपत्रीखाली आलेली काळी बुरशी पातळ केलेल्या ब्लीचने जाते, पण ब्लीच वापरलं त्या जागी लगोलग व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही लावू नये. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि होडीच्या पोटात वाकून काम करणाऱ्या माणसाला तो थेट छातीत भरतो. एक दिवस ब्लीचचा, भरपूर धुणं, मग दुसऱ्या दिवशी आम्लाचं काम, असा नियमच करावा.

आम्ल लागतं ते पिवळ्या डागांसाठी. खाडीत फिरणाऱ्या होडीच्या नाळेवर, पाणी लागतं त्या रेषेपाशी, तपकिरी मिशी उमटते. खारफुटीच्या पानासालींमधलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह यांचा हा डाग. कर्लीच्या खाडीत रोज ये-जा करणाऱ्या होड्यांवर तो हमखास दिसतो. साबणाने तो हलत नाही, आणि म्हणून लोक तो घासून काढायला जातात, म्हणजे डागासोबत चांगला जेलकोटही खरवडतात. इथे ऑक्झॅलिक ॲसिड वापरावं. फरशी पॉलिश करणारे ते वापरतात, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. ते गंजातल्या लोहाला धरून पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतं. परसातल्या बिंबलात हेच आम्ल भरपूर असतं, म्हणून बिंबलाच्या फोडीने पितळ्या उजळतात. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला पन्नासेक ग्रॅम खडे विरघळवावेत, स्पंजाने डागावर लावावं, पाच-दहा मिनिटं ओलं ठेवावं आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावं. डाग डोळ्यांदेखत फिका होत जातो. हे द्रव्य विषारी आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावावा, पूड नाकात जाऊ देऊ नये, आणि उरलेलं पाणी मुलं किंवा गुरं येतात तिथे ठेवू नये.

होडी महिनोन्महिने पाण्यात नांगरलेली असेल तर तळाला बार्नॅकल चिकटलेले असतात. पांढऱ्या, चुनखडीच्या छोट्या शंकूंसारखे दिसतात म्हणून लोक त्यांना शिंपल्यांत धरतात, पण नात्याने ते कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद. डार्विनने उत्क्रांतीचं मोठं पुस्तक लिहिण्याआधी १८४६ पासून आठ वर्षं या प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. पिल्लू पाण्यात पोहत येतं, जागा पसंत पडली की डोकं खाली करून स्वतःच तयार केलेल्या सिमेंटने चिकटतं, आणि मग जन्मभर तिथून हलत नाही. हे सिमेंट सुकलं की दगड. त्यामुळे होडी मे महिन्यात वर ओढली त्याच दिवशी, तळ ओला असताना, ते काढून टाकायला हवे होते. सप्टेंबरात काढायचे तर आधी ओली गोणपाटं बांधून तळ भिजू द्यावा, मग लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी अगदी सपाट धरून खाली सरकवत ढकलावी. लोखंडी पट्टी किंवा कोयता घेऊ नये. शंकू निघाल्यावर गोल चकती मागे राहते. ती चुन्याची असते, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर चिकटवून ठेवलं की मऊ पडते. लवकर व्हावं म्हणून संडास साफ करायचं ॲसिड ओततात. त्याने चकत्या जातात हे खरं, पण ते इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायावर किंवा स्टीलच्या फिटिंगवर उडालं तर तिथे खड्डे पडतात.

तळ स्वच्छ झाला की पॉलिशला हात लावण्याआधी संपूर्ण होडी बोटांनी चाचपावी. कोपऱ्यांपाशी, बोल्टांभोवती, जेटीवर आदळणाऱ्या कडेला केसासारख्या भेगा असतात. भेग फक्त जेलकोटची आहे की आतपर्यंत गेली आहे, हे कळायला स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने आजूबाजूला ठोकून ऐकावं. घट्ट थराचा आवाज टणक येतो, सुटलेल्या थराचा बद्द. तळावर फोड आले असतील तर ते जास्त गंभीर. पॉलिएस्टर रेझिनमधून पाणी अत्यंत सावकाश झिरपतं, आत विरघळणारं काही सापडलं की त्याचा आंबट द्राव होतो आणि तो जेलकोटला आतून ढकलतो. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर त्या जागेला नुसती पुट्टी फासून चालत नाही. ती जागा उघडून, धुऊन, पूर्ण वाळू द्यावी लागते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत वाळायला आठवडेच्या आठवडे जातात. अशी होडी जाणत्या फायबर-कारागिराला दाखवावी. सगळी दुरुस्ती मेणाच्या आधी उरकावी, कारण मेणावर ना जेलकोट धरतो ना रंग.

आता मुख्य काम. किती खरवडायचं, हे ठरवण्यासाठी वीतभर जागा निवडावी, शक्यतो सगळ्यात जास्त ऊन खाणाऱ्या बाजूची. तिथे आधी सगळ्यात सौम्य पॉलिश हाताने घासून पाहावं. चमक आली तर अख्ख्या होडीला तेवढंच पुरे. नाही आली तर रबिंग कंपाऊंड. त्यानेही नाही आली, तरच वॉटर पेपर. पुष्कळ ठिकाणी उलटं चालतं. कारागीर आल्या आल्या सहाशे नंबरचा पेपर काढतो, कारण त्याने काम लवकर दिसतं. सहाशे नंबरच्या पेपरचे कण साधारण पंचवीस मायक्रॉनचे असतात, दोन हजार नंबरचे साधारण दहा मायक्रॉनचे. प्रत्येक जाड पेपरचे ओरखडे काढायला त्याच्याहून बारीक पेपर फिरवावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत जेलकोट कमी होतो. होडी अगदीच भुकटी झाली असेल तर हजार नंबरपासून सुरुवात करून दीड हजार, दोन हजार असं जावं, पाणी सोडत, हाताखाली सपाट ठोकळा धरून. नुसत्या बोटांनी पेपर दाबला की बोटांच्या खुणांइतके खळगे पडतात आणि ते तिरप्या उन्हात कायम दिसत राहतात.

कंपाऊंड म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांची लापशी. ओरखडे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आणि त्याखाली आले की डोळ्याला ते दिसेनासे होतात आणि पृष्ठभाग आरशासारखा वाटू लागतो. कंपाऊंडचं काम तिथपर्यंत पोचवण्याचं.

हाताने संपूर्ण होडी करणं शक्य आहे, पण खांदे भरून येतात आणि मग दाब एकसारखा राहत नाही. पॉलिशिंग मशीन घ्यावं, ज्याचा वेग कमी-जास्त करता येतो. किनाऱ्यावर मी साध्या अँगल ग्राइंडरला लोकरीचा पॅड बसवून काम करणारे पुष्कळ पाहतो, आणि प्रत्येक वेळी त्यांना थांबवावंसं वाटतं. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतो. कंपाऊंडला हजार ते दीड हजार फेरे लागतात. जादा वेगाने उष्णता होते, जेलकोट मऊ पडून करपतो आणि पिवळा डाग राहतो. तो डाग पुसून जात नाही. शिवाय ओल्या किनाऱ्यावर विजेचं यंत्र हातात आहे. जोडणीला अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय ते सुरूच करू नये.

सकाळची वेळ, होडीवर सावली, आणि जेलकोट हाताला गार लागतोय, ही कामाला योग्य स्थिती. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन धरावा. कंपाऊंडचे चार-पाच थेंब बोटाने पसरावेत, पॅड त्यावर टेकवावा आणि मगच मशीन सुरू करावं, नाहीतर पहिल्या फेऱ्यातच सगळा माल अंगावर उडतो. आधी आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा मागच्याच्या अर्ध्यावर चढवत, मग उभे. मशीन जागच्या जागी एक क्षणही थांबवायचं नाही. सुरुवातीला कंपाऊंड दुधासारखं पांढरं आणि ओलं दिसतं, पॅडला ओढ जाणवते. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पातळ होत होत धुरकट पारदर्शक होतं, मशीनचा आवाज किंचित वर चढतो. तिथे थांबावं. अजून घासत राहिलं तर कोरड्या कणांवर लोकर फिरते आणि नवे ओरखडे पडतात. तळवा टेकवून जागा तपासावी. गरम लागली तर दाब कमी करावा. मऊ सुती कापडाने पुसून बाजूने, तिरपं पाहावं. समोरून सगळं चांगलंच दिसतं.

कडा आणि कोपरे सोडून द्यावेत. साच्याच्या कोपऱ्यात जेलकोट मुळातच पातळ बसलेला असतो, आणि मशीनचा सगळा दाब कडेच्या रेघेवर येतो. तिथे चिकटपट्टी लावून मशीनचं काम करावं आणि पट्टी काढून त्या कडा हाताने घासाव्यात. होडीवरचे नाव आणि नोंदणी क्रमांक रंगवलेले असतील तर तेही असेच झाकावेत. पॅड दर काही चौकोनांनंतर साफ करावा, कारण त्यात भरलेली पांढरी पूड म्हणजे आपल्या होडीचा सुटलेला जेलकोट. ती किती जमते याकडे लक्ष ठेवावं.

लोकरीच्या पॅडने गोल गोल झाक उमटते. ती स्पंजाच्या पॅडवर बारीक पॉलिश घेऊन काढतात. पांढऱ्या होडीला हा टप्पा नाही केला तरी फारसं बिघडत नाही. निळ्या-काळ्या होडीला तो टाळता येत नाही.

सगळ्यात शेवटी मेण. ते संरक्षण करतं, खराब पृष्ठभाग सुधारत नाही. भुकटीवर मेण लावलं तर भुकटीच मेणात कोंडली जाते, आणि पंधरा दिवसांनी मळकट दिसणाऱ्या होड्यांची गोष्ट बहुतेक वेळा इथेच असते. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ८२ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, म्हणून आपल्या उन्हात टिकाव धरतं. सिंथेटिक सीलंट आणखी टिकतात. दोन्हीपैकी काहीही घ्या, पातळ लावा. जाड थराचा उपयोग नाही, तो पुसता पुसता जीव जातो. दमट हवेत ते सुकायला वेळ लागतो. बोट ओढल्यावर खालची चमक स्वच्छ उघडी पडली तरच पुसायला घ्यावं. कोकणातल्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात एक हात तीन-चार महिने पुरतो असं धरावं, आणि नाताळनंतर थोडी उसंत मिळाली की आणखी एक द्यावा. पाणी थेंबाथेंबाने न साचता पसरू लागलं, की मेण संपलं.

पर्यटक पाय ठेवतात तिथे, चढायच्या पायरीवर, बसायच्या बाकावर मेणाचा स्पर्शही नको. ओल्या पायाने, लहान मूल कडेवर घेऊन चढणाऱ्या बाईचा पाय तिथे घसरला तर त्या चकाकीला काय अर्थ?

बाकीच्या वस्तू लवकर होतात. रेलिंगच्या स्टीलवर तपकिरी ठिपके आले असतील तर ऑक्झॅलिकने किंवा धातूच्या पॉलिशने काढावेत, लोखंडी काथ्या कधीच लावू नये. त्याचे तुकडे स्टीलमध्ये अडकतात आणि तेच आधी गंजतात. नवं रेलिंग बसवायचं असेल तर ३१६ दर्जाचं घ्यावं. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा बरंच टिकतं. पुढच्या ॲक्रिलिकच्या काचेला थिनर किंवा अमोनियाचं द्रव्य लागलं की ती बारीक तडकते. तिला साबणपाणी आणि मऊ कापड पुरे. लाइफ जॅकेटं गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावीत. त्याच वेळी प्रत्येकाचा पट्टा जोराने ओढून पाहावा, कारण ऊन खाल्लेला धागा दिसायला चांगला असतो आणि हिसका बसला की सुटतो. हे काम मी पॉलिशच्या आधी करायला सांगेन.

इंजिन हा स्वतंत्र विषय, पण सफाईपुरतं एवढं. गोड्या पाण्याची नळी, इंजिन पाणी खेचतं त्या जाळीवर बसणाऱ्या रबरी कानपट्ट्यांनी जोडून इंजिन चालवावं, म्हणजे आतल्या वाटांमधलं मीठ धुऊन जातं. पाणी जोडल्याशिवाय ते एक मिनिटही चालवू नये, पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी पंखुडी कोरडी घासून जळते. गिअरचं तेल काढून पाहावं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय आणि सील बदलायचं आहे. इंजिनाच्या पायाला झिंकचा किंवा ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो. समुद्राच्या पाण्यात दोन धातूंमध्ये वीज खेळते आणि त्यात हा ठोकळा आधी झिजतो, इंजिन वाचतं. त्याला रंग, मेण किंवा पॉलिश काहीही लावायचं नाही. लावलं तर त्याची झीज थांबते आणि इंजिनाची सुरू होते. अर्धा झिजला की नवा बसवावा.

तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग सगळ्यांना लागतो असं नाही. जी होडी रोज संध्याकाळी वाळूवर ओढली जाते, तिचा तो रंग वाळूच खरवडून नेते. तिला मेण पुरतं. पाण्यात नांगरून राहणाऱ्या होडीला तो हवा, आणि तिथे रंगाखाली मेणाचा अंश राहता कामा नये. आज हे रंग बहुतांशी तांब्याच्या ऑक्साइडचे असतात. ते ॲल्युमिनियमच्या पायाला लावू नयेत, तांब्याच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पूर्वी यात ट्रायब्युटिल टिन वापरत. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत त्यामुळे कालवांची पैदास कोसळली, १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर त्याला बंदी घातली, आणि २००८ मध्ये ही बंदी आंतरराष्ट्रीय कराराने लागू झाली. तांबं त्याच्यापेक्षा सौम्य असलं तरी विषच आहे. जुना रंग कोरडा खरवडला तर त्याची धूळ छातीत जाते आणि किनाऱ्यावरच्या वाळूत मुरते. आमच्या खाड्यांमध्ये बायका सुकतीला कालवं काढतात. म्हणून तळाखाली ताडपत्री अंथरावी, ओलं घासावं, आणि जमा झालेला गाळ पिशवीत भरून कचऱ्यात द्यावा. होडीच्या पोटातलं तेलकट पाणीही असंच डब्यात जमा करावं. ते खाडीत सोडू नये.

इतकं सगळं व्हायला दोन माणसांना दोन-तीन पूर्ण दिवस लागतात, मध्ये पाऊस आला तर आणखी. होडी पाण्यात ढकलण्याआधी मागचं बूच बसवलंय ना, हे हाताने चाचपावं. धुण्यासाठी काढलेलं बूच विसरलेल्या होड्या दर वर्षी किनाऱ्यालाच भरतात. पाण्यात उतरल्यावर अर्ध्या तासाने आतली फळी उचलून कोरडं आहे का पाहावं. आणि घरी आल्यावर वहीत लिहून ठेवावं, की यंदा कुठल्या बाजूला काय वापरलं, फक्त पॉलिश, कंपाऊंड की पेपर, आणि पेपर असेल तर कितीचा. पुढच्या वर्षी दुसराच कारागीर आला तरी त्याला ती वही दाखवता येईल, आणि ज्या बाजूला या वर्षी पेपर फिरला तिथे पुन्हा पेपर फिरणार नाही.